काम अडतंय कुठे? बोर्ड लावा, दिसेल

रबाळे, महापे, पावणे असो की ठाण्याची वागळे इस्टेट, शीट मेटलच्या छोट्या गाळ्यात कामाचा हिशोब बहुधा तीन ठिकाणी राहतो: शेठच्या डोक्यात, सुपरवायझरच्या डायरीत आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. तिन्हींचा मेळ बसेलच असं नाही. पार्टीने फोन करून "आमच्या पेट्या कुठवर आल्या?" असं विचारलं की ऑफिसातून कुणीतरी उठतं, मशीनपाशी जातं, दोघांना विचारतं आणि परत येऊन सांगतं, "होतंय, उद्या-परवा निघेल." सांगणाऱ्यालाही त्याची खात्री नसते.

अशा ठिकाणी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर, प्लॅनिंग असिस्टंट किंवा सुपरवायझर म्हणून तुम्ही नव्याने लागला असाल, तर कामाचा बोर्ड कसा उभा करायचा ते इथे क्रमाने सांगितलंय. उदाहरणाला इलेक्ट्रिकल पॅनेलसाठी पत्र्याच्या पेट्या बनवणारा गाळा घेतलाय. शेवटी ऑफिसच्या कामाबद्दलही थोडं आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. कोण किती राबतंय हे बघायला बोर्ड लावायचा नाही. काम कुठे पडून राहिलंय ते सगळ्यांना दिसावं, एवढ्यासाठीच लावायचा. पुढचं सगळं यावरूनच ठरतं.

पायरी १: एका जॉबच्या मागे फिरा

बोर्ड, मार्कर, मॅग्नेट यांची खरेदी नंतर. आधी नेहमी येणाऱ्यातला एक जॉब निवडा, समजा २० पेट्यांची ऑर्डर, आणि पीओ (पार्टीची लेखी ऑर्डर) आल्यापासून डिस्पॅचचं चलान फाटेपर्यंत त्याच्या मागावर राहा. वहीत दोन रकाने आखा: "हात लागला" आणि "पडून होता". कुणाला विचारून भरू नका, जागेवर जाऊन बघा. विचारलंत तर कागदावरची पद्धत सांगतील. ती आयएसओच्या फाइलमध्ये आहेच.

बहुतेक गाळ्यांत चित्र साधारण असं निघतं. (आकडे समजण्यापुरते.) लेझर कटिंग २ तास, बेंडिंग ३ तास, वेल्डिंग आणि ग्राइंडिंग ८ तास, पावडर कोटिंग (रंगाचा थर) ३ तास, बिजागऱ्या-लॉक-गॅस्केट बसवायला ५ तास, क्यूसी (मालाची तपासणी) आणि पॅकिंग २ तास. एकूण २३ तास, म्हणजे तीन शिफ्टसुद्धा भरत नाहीत. जॉब मात्र १६ दिवसांनी गेटबाहेर पडतो.

मधले दिवस गेले कुठे? तीन दिवस ड्रॉइंग पार्टीकडे मंजुरीला पडून होतं. दीड दिवस कापलेला माल बेंडिंगपुढे पॅलेटवर होता. आणि सगळ्यात मोठा तुकडा गेटजवळ निघतो. वेल्डिंग झालेल्या पेट्या तिथे रचून ठेवलेल्या असतात, कारण टेम्पो भरत नाही. पावण्याच्या कोटिंगवाल्याकडे अर्धा रिकामा टेम्पो पाठवणं परवडत नाही, म्हणून आणखी दोन-तीन जॉबचा माल साठेपर्यंत पहिला जॉब ताटकळतो. टेम्पो पोचला तरी तिथे वेगळीच रांग. रंग बदलायचा तर बूथ आणि गन साफ करावी लागते, म्हणून कोटिंगवाला एका रंगाचा माल एकत्र घेतो. तुमचा माल पॅनेलच्या नेहमीच्या राल ७०३५ करड्या रंगाचा असेल तर लगेच लागतो. एखाद्या पार्टीने केशरी मागितला असेल तर आणखी दोन दिवस धरा.

हे वहीत उतरलं नसतं तर चर्चा "आणखी एक बेंडिंग मशीन घ्यायचं का" यावर झाली असती. लाखोंचं मशीन आलं असतं आणि गेटजवळचा ढीग थोडा लवकर उभा राहिला असता, इतकंच.

पायरी २: रकाने आखा

बोर्डावर डावीकडून उजवीकडे कामाचे टप्पे. आपल्या गाळ्यासाठी असे: ड्रॉइंग पार्टीकडे, मटेरियलची वाट, कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग-ग्राइंडिंग, कोटिंगला जायचंय, कोटिंगला गेलंय, असेंब्ली, क्यूसी, डिस्पॅच. यातले चार रकाने निव्वळ थांबण्याचे किंवा बाहेरच्या माणसाच्या हातातले आहेत. नवखा माणूस नेमके हेच गाळतो, कारण तिथे आपण काही करत नसतो. पण पहिल्या पायरीत दिवस तिथेच गेलेले दिसले ना?

कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग या रकान्यांचे उभे दोन भाग करा: "चालू" आणि "झालं". कटिंगमध्ये सहा कार्डं दिसली तर मशीनवर किती आणि कापून पडलेली किती हे त्याशिवाय कळत नाही. बेंडिंगवाल्याला पुढचं काम कुठून उचलायचं तेही "झालं"मधून आपोआप समजतं.

रीवर्कसाठी वेगळा रकाना करू नका. क्यूसीने पेटी परत पाठवली तर कार्डही उचलून वेल्डिंगमध्ये मागे न्या आणि कोपऱ्यात एक काट मारा. महिन्याने कार्डांवरच्या काटा मोजल्या की क्यूसीचं रजिस्टर उघडायची वेगळी गरज राहत नाही.

बोर्ड कशाचा? फॅब्रिकेशनच्या गाळ्यात बाहेरून आणायचं कारणच नाही. ८ बाय ४ फुटांची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची) शीट पांढरी कोट करून घ्या, काळ्या इन्सुलेशन टेपने रेघा मारा. मार्करच्या रेघा हात लागून आठ दिवसांत पुसतात. जीआयला मॅग्नेट चिकटतो. ॲल्युमिनियमला चिकटत नाही, ३०४ स्टेनलेसलाही धड चिकटत नाही, तेव्हा स्टोअरमधला चकचकीत तुकडा उचलून आणू नका. रंगीत चिकट चिठ्ठ्या एसी ऑफिसात ठीक. इथे जूनमध्ये हवा दमट झाली आणि वर मोठा पंखा फिरला की सकाळी निम्म्या चिठ्ठ्या फरशीवर सापडतात.

जागा माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरची घ्या: बेंडिंग आणि वेल्डिंगच्या मध्ये, किंवा पाण्याच्या कूलरजवळ. शेठच्या केबिनमध्ये लावलेला बोर्ड फक्त शेठ बघतात.

पायरी ३: कार्ड

पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड. एका जॉबला एक. त्यावर जॉब नंबर, पार्टीचं नाव, नग, रंग, पार्टीला कबूल केलेली तारीख आणि कार्ड बोर्डावर आलं ती तारीख. मोठ्या अक्षरात, चार पावलांवरून वाचता येईल असं. मराठी-हिंदी दोन्ही देवनागरीतच, त्यामुळे वेल्डर गोरखपूरचा असो की साताऱ्याचा, अडत नाही. रक्कम लिहू नका. ऑपरेटरचं नावही लिहू नका असं मी म्हणेन. नाव आलं की थांबलेल्या कार्डाचा दोष आपोआप त्या माणसावर जातो, आणि तो बिचारा गॅस्केटची वाट बघत बसलेला असतो.

आता दोन छोट्या सवयी. पहिली: रोज सकाळी, कालपासून जागचं न हललेल्या प्रत्येक कार्डावर पेनाने एक ठिपका. कार्ड पुढे सरकलं तर त्या दिवशी ठिपका नाही. पाच-सहा ठिपके असलेल्या कार्डाबद्दल कुणाला अहवाल लिहावा लागत नाही. दुसरी: काम अडलं असेल तर लाल मॅग्नेट आणि त्याखाली तीन-चार शब्दांत कारण. "गॅस्केट नाही." "ड्रॉइंग रेव्हिजन आली." "वेल्डर गावी." "बघतोय" हे कारण धरायचं नाही.

पायरी ४: रकान्याला मर्यादा

पुष्कळ ठिकाणी बोर्ड तिसऱ्या पायरीपर्यंतच येतो. कार्डं लागतात, फोटो काढले जातात, आणि दोन महिन्यांत बोर्ड नोटीस बोर्ड होतो. कारण बोर्डाने ढीग दाखवला, पण ढीग घालायचं कुणी थांबवलं नाही.

मर्यादा म्हणजे प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर लिहिलेला एक आकडा. बेंडिंगवर ३ लिहिलं, तर चालू आणि झालं मिळून तिथे तीनच कार्डं राहतील. चौथं आत घ्यायचं तर आधी एक पुढे गेलं पाहिजे. आकडा काढायला शास्त्र लागत नाही. आज त्या रकान्यात जितकी कार्डं आहेत तिथून सुरुवात करा आणि हळूहळू एकेकाने उतरवा.

याने काय साधतं ते एका साध्या भागाकारात दिसतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलेला हा नियम स्थिर गतीने चालणाऱ्या सगळ्या रांगांना लागू पडतो: एका जॉबला लागणारा सरासरी वेळ म्हणजे चालू असलेले जॉब भागिले ठरावीक काळात पूर्ण होणारे जॉब. गाळ्यात २४ जॉब चालू आहेत आणि आठवड्याला ६ बाहेर पडतात, तर एक जॉब सरासरी ४ आठवडे आत राहणार. आठवड्याला ६ च निघत राहिले पण चालू जॉब १५ वर आणले, तर अडीच आठवडे. कुणीही जास्त वेगाने काम केलेलं नाही, ओव्हरटाइम नाही, नवीन मशीन नाही. फक्त आत घेताना हात आखडता घेतला. मात्र मर्यादा इतकीही उतरवू नका की वेल्डरला काम मिळेना. मग बाहेर पडणारे जॉबही कमी होतील आणि हिशोब फिरेल.

इथे एक प्रश्न हमखास येतो: "मग लेझर मशीन बंद ठेवायचं का? हप्ता कोण भरणार?" प्रश्न रास्त आहे. पण बेंडिंगच्या पुढे आधीच ढीग असेल तर लेझरने आज कापलेला माल आठवडाभर पॅलेटवरच बसणार. पत्र्याचे पैसे अडकले, जागा अडली, हलवाहलवीत ओरखडे आले, दोन ब्रॅकेट हरवले. त्यातच पार्टीने ड्रॉइंगची रेव्हिजन पाठवली तर कापलेलं सगळं भंगारात. बेंडिंगचा रकाना भरलाय म्हटल्यावर कटिंगच्या पोराने डीबरिंगला (कापलेल्या कडा घासायला) हात लावावा, पुढच्या जॉबचं नेस्टिंग (पत्र्यावर तुकड्यांची मांडणी) नीट करून घ्यावं, मशीनची लेन्स साफ करावी. लेझरचा हप्ता पेटीचं बिल निघाल्यावर भरला जातो, आणि बिल डिस्पॅचनंतर निघतं.

दुसरी अडचण अर्जंटची. मार्केटिंगवाल्यांच्या लेखी प्रत्येक जॉब अर्जंट. त्यावर उपाय: अख्ख्या बोर्डावर लाल कार्ड एकच. ते कुठल्याही रकान्यात रांग मोडून पुढे जाऊ शकतं, मर्यादा त्याला लागू नाही. दुसरं लाल कार्ड हवं असेल तर पहिलं काढायला लागेल. मग संवाद असा होतो:

"काका, हा ठाण्याच्या पार्टीचा जॉब आज लावाच. एकदम अर्जंट आहे."

"लावतो ना साहेब. ते लाल कार्ड तुमच्याच तळोज्याच्या पार्टीचं आहे, ते तुमच्या हाताने काढा. आणि तळोज्याला फोनही तुम्हीच करा."

निम्मे अर्जंट जॉब इथेच साधे होतात.

पायरी ५: सकाळची दहा मिनिटं

शिफ्ट सुरू झाल्यावर बोर्डासमोर उभ्याने दहा मिनिटं. खुर्च्या आणल्या की चहा येतो आणि चहा आला की अर्धा तास जातो. वाचायचं उजवीकडून डावीकडे, म्हणजे डिस्पॅचपासून मागे. आधी दाराजवळ आलेलं काम बाहेर काढायचं, नवीन घ्यायचा विषय सगळ्यात शेवटी. प्रत्येक कार्डावर बोलू नका. लाल मॅग्नेट आणि जास्त ठिपके असलेली कार्डं, बस्स. विचारायचा प्रश्न: "हे कशासाठी थांबलंय आणि ते सोडवायला कोण फोन करणार?"

कार्ड सरकवायचं ज्याने काम संपवलं त्याने, त्याच वेळी. संध्याकाळी कोऑर्डिनेटरने सगळी कार्डं एकदम सरकवली तर दिवसभर बोर्ड खोटं बोलत असतो. शेठना आधी एकांतात सांगून ठेवा की ठिपके बघून शॉपफ्लोअरवर कुणाला झापायचं नाही. एकदा झापलं की दुसऱ्या दिवसापासून कार्डं काम न होताच पुढे सरकू लागतात, आणि मग बोर्ड काढून टाकलेला बरा.

संध्याकाळी बोर्डाचा एक फोटो ग्रुपवर टाका, साइटवर असलेल्यांना कळतं. पण ग्रुपलाच बोर्ड समजू नका. तिथे सकाळी आलेला निरोप दुपारी "ओके सर" आणि गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गडप झालेला असतो.

नट-बोल्टसाठी वेगळी युक्ती

हे कार्डांचं तंत्र जपानमधून आलं. १९५० च्या दशकात टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओहनो यांनी ते बसवलं. तिथलं कार्ड पुढच्या टप्प्याकडून मागच्या टप्प्याला जातं: एवढे भाग वापरले, तेवढेच परत बनवा. आपल्या जॉबबोर्डाचा बाज थोडा वेगळा, पण मूळ पद्धत बिजागऱ्या, लॉक, गॅस्केट, नट-बोल्ट यांच्यासाठी जशीच्या तशी चालते.

दोन डबे ठेवा. पुढचा संपला की मागचा पुढे ओढायचा आणि रिकाम्या डब्यातलं कार्ड परचेसच्या खिळ्याला अडकवायचं. तीच मागणी. वेगळी इंडेंट (मागणीची चिठ्ठी) नको, स्टोअरवाल्याची आठवण नको. मागच्या डब्यात किती माल हवा? रोज ६० बिजागऱ्या लागतात आणि पुरवठादाराला ४ दिवस लागतात, तर २४० अधिक थोडं राखीव, म्हणजे ३०० धरा. पावसाळ्यात राखीव वाढवा. भिवंडीहून निघालेली गाडी वाटेत अडकली तर ४ चे ५ दिवस सहज होतात.

ऑफिसात काम असेल तर

बेलापूर-वाशीच्या क्लिअरिंग एजंटच्या (माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याच्या) ऑफिसात यंत्रं नाहीत, पण रांग तीच. आयात मालाच्या फाइलसाठी रकाने साधारण असे: कागद अपुरे, चेकलिस्ट आयातदाराकडे मंजुरीला, बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचा आयातीचा कागद) भरलं, असेसमेंट (ड्युटी ठरवणं), क्वेरी, ड्युटी भरायची, तपासणी, आउट ऑफ चार्ज (माल सोडायची कस्टमची परवानगी), कंटेनर बाहेर. शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर आणायचं काम बाकीच्यांच्या सोबतीने चालू शकतं, म्हणून त्याला रकाना देऊ नका. कार्डाच्या कोपऱ्यात एक चौकोन काढा आणि ऑर्डर हातात आली की टिक करा.

कार्डावर सगळ्यात मोठ्या अक्षरात कुठली तारीख? फ्री डेज, म्हणजे कंटेनर बिनभाड्याने ठेवता येतो ते दिवस, संपण्याची. त्यानंतर लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचं भाडं) लागतं, आणि त्याचं बिल कुणी भरायचं यावरून आयातदाराशी भांडण. न्हावाशेव्याला कंटेनर उतरला की ती तारीख आधी कार्डावर चढवा, मग बाकीचं.

इथे माणसं विखुरलेली असतात, कुणी सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात), कुणी कस्टम हाउसला, म्हणून भिंतीपेक्षा ट्रेलो, मायक्रोसॉफ्ट प्लॅनर किंवा साधी गूगल शीट सोयीची पडते. सॉफ्टवेअरच्या टीमकडे बहुधा जिरा (Jira) हे ॲप असतंच. त्यात रकान्याची मर्यादा घालता येते आणि कार्डावर दिवसांचे ठिपके आपोआप दाखवायची सोयही आहे. तरी पहिले काही आठवडे भिंतीवर काढाच असं माझं मत. रकाने त्या काळात चार वेळा बदलतात, आणि भिंतीवरची टेप उपटायला ॲडमिनची परवानगी लागत नाही.

बोर्ड सगळ्या कामांना पुरत नाही, हेही खरं. गाळा रबाळ्याहून तळोज्याला हलवायचा असेल, म्हणजे एकदाच होणारं, तारखांनी बांधलेलं काम असेल, तर गँट चार्ट (तारखांवर कामांच्या आडव्या पट्ट्या) काढा. वीजजोडणीशिवाय मशीन बसत नाही, फाउंडेशन सुकल्याशिवाय मशीन येत नाही, हे त्यात पट्ट्यांनी दिसतं. जिथे "असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे" फार आहे, तिथे फ्लोचार्ट.

महिन्याने काय बघायचं

डिस्पॅच झालेली कार्डं फेकू नका, खोक्यात टाका. महिन्याने काढा आणि प्रत्येकावर बोर्डावर आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचे दिवस लिहा. सरासरीपाशी थांबू नका. सगळ्यात जास्त दिवस लागलेली तीन कार्डं बाजूला काढा आणि त्यांच्यावरची लाल कारणं वाचा. सगळ्या कार्डांवरची कारणंही मोजा. बहुतेकदा दोनच कारणं निम्म्याहून जास्त जागी सापडतात.

आपल्या गाळ्यात पहिलं कारण टेम्पोचं निघालं असं धरू. मग टेम्पो भरायची वाट बघणं बंद करा, मंगळवार आणि शुक्रवार असे दिवस ठरवा, आणि शेजारच्या गाळ्याचा मालही पावण्यालाच जात असेल तर भाडं वाटून घ्या. कोटिंगवाल्याला केशरी रंगाचा जॉब येतोय हे आठवडाभर आधी कळवा, तो आपली रांग तशी लावू शकतो. "कोटिंगला जायचंय" या रकान्याची मर्यादा तेव्हाच उतरवा, आधी नाही. आणि एका वेळी एकाच रकान्याची मर्यादा बदला, दोन आठवडे थांबा. तीन ठिकाणी एकदम हात घातला तर फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही, आणि शेठ तर नक्की विचारणार.